ताळा

पहाटे पाच ते आठ, एवढीच वेळ.
नंतर मे महिना खोलीत शिरतो,
लॅपटॉपचा पंखा कूलरशी भांडायला लागतो
आणि ड्राइव्ह तापून भलतंच वाचते.
मानेवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
इतवारीतून आणलेल्या बुटांच्या खोक्यांत
तीनशे बारा सीडी, पाठीला पाठ लावून.

मुलगा म्हणतो, बाबा, सगळं मिळते ना फोनवर,
काहून जीव आटवता?
मिळते, मी म्हणतो. माझी प्रत मिळत नाही.
अठ्ठ्याण्णव साली बर्डीवरून घेतलेली,
महागाई भत्त्याच्या फरकातून,
जिच्यात तिसऱ्या गाण्यानंतर
सहा सेकंद नुसता तंबोरा आहे.
फोनवाल्यांनी तो कापला.

एजी ऑफिसात चौतीस वर्षं हेच केलं.
इकडे व्हाउचर, तिकडे वही, हिरव्या शाईची खूण.
आता यंत्र करते:
एकेक तुकडा दोनदा वाचते,
दोन्ही वाचनं जुळली तरच पुढे सरकते,
शेवटी आठ अक्षरांचा ताळा काढते
आणि विचारून येते जगभर,
हीच चकती आणखी कोणी वाचली का?
सतरा जणांनी वाचलेली असते. कधी दोनशे.
सगळ्यांचा ताळा एकच.
कुठल्या गावचे, कोण जाणे,
पण माझ्यासारखेच उठले असतील अंधारात,
बायकोला जाग येऊ नये म्हणून दार ओढून घेऊन.

ओरखडा आला की दोन वाटा.
एक, आजूबाजूचे सूर बघून अंदाजाने भोक बुजवणं.
कानाला पत्ता लागत नाही.
दुसरी, पुन्हा वाचणं. पुन्हा.
पहिली मी बंद करून ठेवलीय.
अंदाजे रक्कम कोणाची पास केली नाही कधी.

दोनशे सत्याऐंशीवी.
कव्हर नाही, नुसतं मार्करनं:
श्रावण लांजेवार, निरोप समारंभ, २००६.
टपाल शाखेतला लांजेवार,
ज्याच्या तोंडून होय-नाहीपलीकडे शब्द ऐकला नव्हता,
त्या दिवशी कँटीनच्या हॉलमध्ये दीड तास गायला.
नंतर महिन्याभरानं स्वतः येऊन
वीस-बावीस जणांच्या टेबलांवर एकेक सीडी ठेवून गेला.
मी ती लावलीच नाही.

यंत्र म्हणालं, अशी चकती कोणाकडे नोंदलेली नाही.
बाकीच्या कुठे असतील?
रद्दीत.
किंवा कबुतरं येऊ नयेत म्हणून
गॅलरीत दोऱ्याला टांगलेल्या.

पाठीचा रंग विटलेला, जुन्या वांग्यासारखा.
चौथा ट्रॅक, बारा मिनिटं अडतीस सेकंद.
तिथे अडलं.
सोळा वाचनं, जुळत नाही.
मलमलीनं पुसली, मधून कडेकडे.
कूलर ड्राइव्हकडे वळवला, मी घामात.
साडेसात.
ब्याऐंशीव्या वाचनाला जुळलं.

एवढं काय आहे तिथे, म्हणून हेडफोन लावले.
लांजेवार वरच्या षड्जाकडे चाललाय, हळू,
पोचला,
थांबलाय तिथे,
आणि पुढच्या रांगेतून एक आवाज, लख्ख:
“आटप ना बे लांजेवार, पुऱ्या थंड होऊन राहिल्या!”
हशा.
आवाज माझा.

तो गात राहतो नंतरही, अठ्ठावीस मिनिटं.
वर जात नाही पुन्हा.

संगणकात कात्री असते.
चार सेकंद. कोणाला कळणार होतं?
पडताळायला दुसरी प्रतच नाही.
त्या चार सेकंदांवर बोट ठेवून बसलो,
खालून पोह्यांच्या गाडीची घंटी जाईपर्यंत.
खाडाखोड केली म्हणून
एका पोराला मी मेमो दिला होता, त्र्याण्णव साली.
त्याचं नाव आठवेना.

मग रकाने भरले.
गायक: श्रावण लांजेवार.
शेरा: चौथा ट्रॅक, १२:३८, व्यत्यय मूळ प्रतीतलाच.
त्यापुढे सही केल्यासारखं माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

एक प्रत पेनड्राइव्हवर घेतलीय.
लांजेवार उमरेडला असतो म्हणे, मुलीकडे.
गणेशपेठहून पहिली बस सहाला आहे.
उद्या पंचवीस सीडी राहतील तशाच.